सेवेचे वर्णन आणि सेवेची हमी

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात कळमनुरी हे तालुक्याचे ठिकाण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून हा तालुका नव्या जिल्ह्यात मोडतो. शेती हा येथील मुख्य व्यवसाय. आदिवासींची वस्तीही लक्षणीय असून एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय कळमनुरीस आहे. अशा तालुक्यात उत्पन्नाचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र किंवा सातबाराचा उतारा हा केवळ कागद नसतो. शिष्यवृत्ती, वसतिगृहातील प्रवेश, पीककर्ज, निवृत्तिवेतन या साऱ्या गोष्टी त्यावर अवलंबून असतात आणि त्यांतील बहुतेकांना अखेरची तारीख असते. दाखला बिनचूक असूनही दोन दिवस उशिरा हाती पडला, तर विद्यार्थ्याचे वर्ष वाया जाऊ शकते.

पूर्वी अशा दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालाव्या लागत. आता ‘आपले सरकार’ या पोर्टलवरून किंवा गावोगावच्या सेवा केंद्रांतून अर्ज करता येतो आणि अंकीय स्वाक्षरीचा दाखला संगणकावरच मिळतो. साधन बदलले, परंतु अर्जदाराचा प्रश्न मात्र तोच राहिला आहे : काम होईल का, आणि केव्हा होईल? या प्रश्नाचे नेमके उत्तर देता यावे, म्हणून संगणकशास्त्राने गेल्या पाव शतकात काही खास भाषा घडविल्या. त्याच प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायद्याच्या भाषेत दिले. या दोन भाषांचा परस्परांशी असलेला संबंध समजून घेणे उद्बोधक आहे.

यंत्राने यंत्राला दिलेली सेवा

पोर्टलवर अर्ज भरणाऱ्या माणसाला एकच पडदा दिसतो. त्यामागे मात्र अनेक संगणक परस्परांशी बोलत असतात. एक यंत्रणा अर्जदाराची ओळख पडताळते, दुसरी शुल्क स्वीकारते, तिसरी मोबाईलवर संदेश धाडते, चौथी तयार झालेला दाखला जपून ठेवते. एका संगणकाने दुसऱ्या संगणकाला आंतरजालावरून विचारणा करावी आणि ठराविक नमुन्यात उत्तर मिळवावे, या व्यवस्थेला ‘वेब सेवा’ असे म्हणतात. आधारची ओळख-पडताळणी या पद्धतीने चालते. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘डिजिलॉकर’मध्येही प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाच्या संगणकाकडून ते याच रीतीने मागविले जाते.

कचेरीत आलेल्या माणसाला काही समजले नाही, तर तो लिपिकाला विचारतो. अर्जात ‘वय’ या रकान्यासमोर कोणी जन्मतारीख लिहिली, तरी अनुभवी लिपिक अर्थ लावून घेतो. संगणकाला असा समजूतदारपणा नसतो. तेव्हा एका यंत्रणेने दुसरीची सेवा घ्यायची असेल, तर कोणत्या पत्त्यावर विचारायचे, काय विचारता येते, कोणती माहिती कोणत्या क्रमाने द्यायची, उत्तर कोणत्या स्वरूपात येईल आणि चूक झाल्यास काय कळविले जाईल, हे सर्व अगोदर लिहून ठेवावे लागते. शिवाय ते अशा भाषेत लिहावे लागते की, तिच्यातील प्रत्येक वाक्याचा एकच अर्थ निघावा.

नियमबद्ध भाषेची कल्पना

अशा भाषेला नियमबद्ध किंवा औपचारिक भाषा म्हणतात. तिचे शब्द मोजके असतात आणि कोणते वाक्य शुद्ध, कोणते अशुद्ध, याचा निर्णय केवळ नियमांवरून करता येतो. भारतीय वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृतची रचना नियमांनी बांधून दाखविली. जॉन बॅकस यांनी १९५९ मध्ये संगणकीय भाषेचे व्याकरण मांडण्यासाठी एक लेखनपद्धती सुचविली, तेव्हा तिचे पाणिनीच्या पद्धतीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या ध्यानात आले. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी तर त्या पद्धतीला ‘पाणिनी-बॅकस’ असे नाव द्यावे, असा प्रस्ताव मांडला होता.

वेब सेवांच्या वर्णनासाठी घडलेली प्रमुख भाषा म्हणजे ‘वेब सर्व्हिसेस डिस्क्रिप्शन लँग्वेज’, संक्षेपाने ‘डब्ल्यूएसडीएल’. तिची १.१ ही आवृत्ती मार्च २००१ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमकडे सादर झाली आणि २.० ही आवृत्ती जून २००७ मध्ये त्या संस्थेची अधिकृत शिफारस ठरली. तिच्या पहिल्या रूपातील वर्णनाचे पाच भाग पडतात. पहिल्यात माहितीचे प्रकार सांगितलेले असतात, म्हणजे कोणता रकाना अंकांचा, कोणता अक्षरांचा, कोणता तारखेचा. दुसऱ्यात देवाणघेवाणीचे संदेश येतात. तिसऱ्यात सेवा कोणती कामे करते ते येते, चौथ्यात संदेश कोणत्या पद्धतीने वाहून न्यायचे ते, आणि पाचव्यात सेवेचा पत्ता.

उदाहरणादाखल, अर्जाची सद्यःस्थिती सांगणारी एखादी सेवा कल्पावी. अर्ज क्रमांक दिला असता ‘प्राप्त’, ‘तपासणीत’, ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ यांपैकी एकच शब्द तिने परत द्यावा, आणि क्रमांक चुकीचा असल्यास तसे कळवावे, एवढे तिचे काम. डब्ल्यूएसडीएलमध्ये हे लिहून ठेवले, की कोणत्याही खात्याच्या संगणकाला ती सेवा वापरता येते. दोन्हीकडील अधिकाऱ्यांनी प्रत्यक्ष बैठक घेण्याची गरज राहत नाही.

पुढील काळात अधिक सुटसुटीत पद्धती रूढ झाल्या. आज नव्या सेवांचे वर्णन बहुधा ‘ओपनएपीआय’ या पद्धतीने केले जाते. २०११ मध्ये ‘स्वॅगर’ या नावाने तिचा आरंभ झाला आणि २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आली. भारत सरकारनेही २०१५ मध्ये शासकीय यंत्रणांसाठी मुक्त एपीआय धोरण जाहीर केले आणि पुढे ‘एपीआय सेतू’ या मंचावर अशा सेवांची वर्णने उपलब्ध होऊ लागली.

एका शब्दाचा एकच अर्थ

रकाना अक्षरांचा आहे, एवढे सांगून भागत नाही. त्या अक्षरांचा अर्थही दोन्ही बाजूंना सारखाच कळला पाहिजे. कळमनुरीच्या शेजारचाच दाखला घ्यावा. हिंगोली जिल्ह्यातील एका तालुक्याचे नाव काही कागदांत ‘वसमत’, तर काही कागदांत ‘बसमत’ असे आढळते. वाचणाऱ्या माणसाला दोन्ही एकच हे ठाऊक असते, संगणकाला मात्र ती दोन निराळी गावे वाटतात. कळमनुरीचे नाव इंग्रजी लिपीत लिहितानाही मधला ‘अ’ कोणी लिहितो, कोणी गाळतो. ही अडचण दूर करण्यासाठी केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या ‘स्थानिक शासन निर्देशिके’त प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला व गावाला सांकेतिक क्रमांक दिलेला आहे. नाव कसेही लिहिले, तरी क्रमांक एकच राहतो.

शब्दांच्या अर्थाविषयी अशी एकवाक्यता साधण्याचा प्रयत्न संगणकशास्त्रातही झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘ओडब्ल्यूएल-एस’ आणि २००५ मध्ये ‘डब्ल्यूएसएमओ’ या पद्धती सादर झाल्या. सेवा काय करते, ती घेण्यापूर्वी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात आणि घेतल्यानंतर काय बदल घडतो, हे अर्थासह नोंदविण्याची सोय त्यांत आहे. त्यांच्या मुळाशी सर्वमान्य शब्दसंग्रहाची कल्पना आहे. राज्यकारभारात ही कल्पना महाराष्ट्राने फार पूर्वी राबविली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त कारभारातील सुमारे चौदाशे शब्दांना पर्याय दिलेले होते. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्येच भाषा संचालनालय सुरू झाले आणि त्याने पदनामे व शासनव्यवहाराचे कोश तयार केले. दोन कचेऱ्यांनी एका शब्दाचे दोन अर्थ करू नयेत, हाच या उद्योगाचा हेतू होता.

‘चांगली सेवा’ मोजायची कशी

येथवर सेवा काय करते, याचे वर्णन झाले. ती किती चांगल्या प्रकारे करते, याविषयी डब्ल्यूएसडीएल काहीच सांगत नाही. ओपनएपीआयमध्येही वेग आणि उपलब्धता यांची हमी नोंदविण्यासाठी स्वतंत्र प्रमाणित विभाग नाही. अर्जदाराचे हित तर नेमके याच गोष्टीत गुंतलेले असते.

सेवेच्या गुणवत्तेची काही मापे सर्वमान्य आहेत. ती किती वेळ चालू असते, विचारल्यावर किती वेळात उत्तर देते, एका वेळी किती विचारणा पेलते, शंभरांपैकी किती वेळा चुकते आणि माहिती कितपत सुरक्षित ठेवते, ही त्यांतील प्रमुख. ही मापे ऐकायला सोपी असली, तरी त्यांतील आकडे फसवे असू शकतात.

‘९९ टक्के उपलब्धता’ हे आश्वासन भक्कम वाटते. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. त्यांचा एक टक्का म्हणजे ७ तास १२ मिनिटे सेवा बंद राहिली, तरी आश्वासन पाळले गेले असे ठरते. ९९.९ टक्के म्हटल्यास बंद राहण्याची मुभा ४३ मिनिटांवर येते. त्यातही एक दाखला देण्यासाठी प्रत्येकी ९९ टक्के उपलब्ध असलेल्या तीन सेवा एकामागून एक लागत असतील आणि त्या निरनिराळ्या वेळी बंद पडत असतील, तर तिन्ही मिळून उपलब्धता सुमारे ९७ टक्केच उरते. म्हणजे महिन्यातून २१ तासांहून अधिक काळ काम अडू शकते. हे २१ तास मध्यरात्रीचे असले, तर कोणाचे फारसे बिघडत नाही. ते अखेरच्या तारखेच्या आदल्या काही दिवसांतील कचेरीच्या वेळेत आले, तर मात्र अनर्थ होतो.

सरासरीचेही तसेच आहे. दहा विचारणांपैकी नऊंना एका सेकंदात उत्तर मिळाले आणि दहाव्या विचारणेला ४१ सेकंद लागले, तर सरासरी पाच सेकंद येते. या दहांपैकी एकालाही पाच सेकंद लागलेले नसतात. म्हणूनच जाणकार सरासरीऐवजी ‘शंभरांपैकी पंचाण्णव विचारणांना इतक्या सेकंदांत उत्तर’ अशा भाषेत हमी मागतात. मोजमाप कोठे करायचे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. मुख्य संगणकाजवळ मोजलेला वेग आणि कळमनुरी तालुक्यातील एखाद्या गावच्या केंद्रात अनुभवास येणारा वेग सारखाच असेल, असे नाही.

कराराच्या भाषा

या सर्व बाबी निःसंदिग्धपणे लिहिता याव्यात, म्हणून कराराच्या भाषा निघाल्या. आयबीएम कंपनीच्या संशोधकांनी तयार केलेल्या ‘डब्ल्यूएसएलए’ या भाषेचे स्वरूप २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्या करारनाम्याचे तीन भाग असतात. पहिल्यात करारातील पक्ष येतात. सेवा देणारा, घेणारा आणि गरज असल्यास मोजमाप करणारा तिसरा पक्ष. दुसऱ्या भागात सेवा कोणती व तिची मापे कशी काढायची ते येते. तिसऱ्या भागात कोणी कोणती पातळी राखायची आणि ती ढळल्यास काय करायचे, ही बंधने येतात.

२००७ मध्ये ओपन ग्रिड फोरम या संस्थेने ‘डब्ल्यूएस-ॲग्रीमेंट’ हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यातील हमीच्या कलमात सेवेची पातळी तर असतेच. शिवाय ती हमी कोणत्या अटीवर लागू होईल आणि ती पाळली अथवा मोडली असता मोबदला किंवा दंड किती, हेही नमूद करता येते. दावा खरा की खोटा, याचा निवाडा करायला मग वादविवाद लागत नाही. नोंदी आणि करारनामा समोर ठेवले, की संगणकच तो करू शकतो.

नुसते वर्णन पुरेसे नसते, याचा अनुभवही याच काळात आला. वेब सेवांची जगभरची यादी एका ठिकाणी असावी, या हेतूने २००० मध्ये ‘यूडीडीआय’ ही नोंदवही सुरू झाली होती. तीमधून सेवा सापडत असे, परंतु ती विसंबण्याजोगी आहे की नाही, हे कळण्याची सोय नव्हती. आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व सॅप या कंपन्यांनी आपल्या सार्वजनिक नोंदवह्या जानेवारी २००६ मध्ये बंद केल्या.

कायद्यातील हमी

आता महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ पाहावा. एप्रिल २०१५ मध्ये अध्यादेश निघून पुढे हा अधिनियम झाला. त्याची रचना वरील करारनाम्याशी आश्चर्य वाटावे इतकी जुळते. कोणत्या सेवा मिळतील, हे अधिसूचनेने ठरते. देणारा पक्ष म्हणजे पदनिर्देशित अधिकारी आणि घेणारा पक्ष म्हणजे पात्र व्यक्ती. सेवेची पातळी म्हणजे नियत कालमर्यादा. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ती १५ दिवसांची ठरविण्यात आली. हमी लागू होण्याची अट अशी की, अर्ज सर्व बाबतींत परिपूर्ण असावा. अर्जदाराला पोच द्यावी लागते आणि तिच्यावर अर्जाचा क्रमांक, दिनांक व कालमर्यादा नमूद करावी लागते. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला गेला, तर तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते. त्यापुढे द्वितीय अपील आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग, अशी चढती व्यवस्था आहे. पुरेशा व वाजवी कारणाशिवाय कसूर करणाऱ्या पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांची शास्ती होऊ शकते.

पूर्वी ‘लवकरात लवकर कार्यवाही केली जाईल’ असे उत्तर मिळे. त्या वाक्याला तारीख नव्हती, म्हणून ते मोडलेही जात नव्हते. कायद्याने त्या जागी दिवसांची संख्या घातली. सेवा मिळाली नाही, हे अर्जदाराला आता सिद्ध करता येते.

दोन घड्याळांमधील जागा

तरीही एक महत्त्वाची उणीव राहते. कायद्याचे घड्याळ परिपूर्ण अर्ज प्राप्त झाल्यावर सुरू होते. यंत्रणेच्या करारातील घड्याळ बहुधा मुख्य संगणकाजवळ चालते. अर्जदार सेवा केंद्रात बसला आहे, पान उघडत नाही, मोबाईलवर येणारा सांकेतिक क्रमांक येत नाही, म्हणून तो संध्याकाळी घरी परततो. हा त्याचा दिवस पहिल्या घड्याळात मोजला जात नाही आणि कित्येकदा दुसऱ्यातही नाही. दूरच्या वाडीवरून मजुरी बुडवून आलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र सेवेला लागलेल्या वेळात तो दिवस मोडतो.

दुसरी बाब परिपूर्णतेची. अर्ज सादर झाल्यावर काही दिवसांनी त्यात त्रुटी निघाली, तर तो दुरुस्त होऊन परिपूर्ण होईपर्यंत मुदतीची गणना अर्जदाराच्या उपयोगाची राहत नाही. येथे वर्णनाची भाषा हमीच्या उपयोगी पडते. कोणते कागद लागतात, कोणता रकाना सक्तीचा आहे, कोणती तारीख ग्राह्य आहे, हे नियमबद्ध भाषेत लिहिलेले असेल, तर अशा उणिवा संगणक अर्ज भरतानाच दाखवू शकतो. चौदाव्या दिवशी कळणारी त्रुटी पहिल्या दिवशी कळते आणि अर्जदार केंद्रात असतानाच ती दूर होते. ‘परिपूर्ण अर्ज’ या शब्दांची व्याख्या जितकी नेमकी, तितके कायद्याचे संरक्षण खरे.

यावरून पुढची दिशा स्पष्ट होते. ज्या सेवांच्या साखळीतून दाखला बाहेर पडतो, त्या प्रत्येक सेवेची पातळी करारात अंकांनी लिहिली जावी. त्या अंकांची बेरीज-वजाबाकी कायद्याच्या मुदतीशी ताडून पाहावी. मोजमाप तालुक्यातील केंद्रातूनही व्हावे आणि यंत्रणा बंद राहिल्याचा काळ नोंदला जाऊन अखेरच्या तारखा ठरविताना तो विचारात घेतला जावा. यासाठी लागणाऱ्या भाषा आज उपलब्ध आहेत.

काही जबाबदारी नागरिकांचीही आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या सेवा, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील प्राधिकारी यांची माहिती सूचनाफलकावर लावणे अधिनियमानुसार आवश्यक आहे. कळमनुरीच्या असोत की अन्य तालुक्यांच्या, अर्जदारांनी तो फलक वाचावा, अर्ज दिल्यावर पोच मागून घ्यावी आणि तिच्यावरील क्रमांक, दिनांक व मुदत तपासून ती जपून ठेवावी. अपिलाची वेळ आलीच, तर तीस दिवसांची मोजणी त्याच कागदावरील तारखांवरून करता येते.